परक्या खाचराचा बांध

आक्का, तुझं दहावं अजून व्हायचंय आणि कारभारी येऊन गेला.

चपला अंगणात काढून, टोपी हातात धरून तो ओटीवर बसला. तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलला. पाणी मागितलं नाही, सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत. उठताना मात्र उंबऱ्याशी थांबला आणि मला म्हणाला, "वैनी, दसरा तोंडावर आला. मालकांच्या दाराला नवं तर लागायला पायजे. ह्या साली तुमच्या हातचं चालायचं नाय. खालच्या वाडीतल्या कुणाला तरी सांगतो, कोंडीच्या खाचरातल्या लोंब्या काढून तो नेईल. तुमी काय मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणे! तू ऐकलं असतंस तर सरणावरून उठून त्याच्या टोपीला हात घातला असतास. मी नुसती मान हलवली. गेली कित्येक वर्षं तुझ्याशी, थोरल्या जावेशी, भांडून भांडून माझी जीभ इतकी तयार झाली होती, पण ती तुझ्यापुरतीच निघाली.

तुला हे सांगायला नको, पण माझं मलाच एकदा नीट मांडून बघू दे. नवं म्हणजे काय, तर भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूची फुलं बांधून केलेला तुरा. दसऱ्याला तो दाराला लावायचा आणि मग नवा तांदूळ तोंडात घालायचा. पण आपण अर्धेलीवर कसणारी माणसं. बी आपलं, राबणं आपलं, पीक निम्मं मालकाचं, आणि पहिला तुरा सगळाच्या सगळा मालकाचा. ज्याच्या हातचा तुरा महाडला मालकाच्या दाराला लागतो, त्याने पुढच्या साली ते खाचर लावायचं, असा रिवाज. कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे कुणापाशी दाद मागायची सोय नाही. म्हणजे आता कोंडीचं खाचर आपल्याकडे राहणार की जाणार, ते या एका तुऱ्यावर अडलंय. आणि तुरा न्यायला आपल्या घरात सुतकाबाहेरचं एकच माणूस आहे, ते कोण, हे तुला ठाऊक आहे.

मी या घरात आले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी रायगडाच्या पायथ्याची, हिरकणीवाडीची. आमची जमीन वीतभर, पण जी होती ती आमची. त्यात मी दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे थोडी मिजासही होती. पहिल्या दसऱ्याला तू दोन तुरे बांधलेस, एक भरघोस लोंब्यांचा, दुसरा उरल्यासुरल्यांचा. चांगला तुरा ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलास, टोपली डोक्यावर घेतलीस आणि पोलादपूरची वाट उतरायला लागलीस. तिथून एसटीने महाड. मी आपली भोळेपणाने दुसरा तुरा दाराला लावायला गेले, तर तू वाटेवरून ओरडलीस, "हात लावू नको गो! मी आल्याबिगर लावायचा नाय." तू परत येईपर्यंत घरात नवा तांदूळ शिजला नाही. मी पोटात भूक आणि डोक्यात राग घेऊन ओटीवर बसून राहिले. तू आलीस ती हसत हसत. मालकीणबाईंनी चहा दिला, 'पार्वती काय, आमच्या घरातलीच' असं म्हणाल्या, हे तू मला भाकरी थापतानाही सांगितलंस आणि भांडी घासतानाही. घरातलीच, तर मग वाटणी कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. नवी नवरी म्हणून गिळलं. पुढच्या वर्षी नाही गिळलं, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आजवर मिटलेलं नाही.

घरात भांडायला दुसरं होतं तरी कोण? आपले नवरे, दोघे भाऊ, मुंबईला. भाऊजी एका कॅन्टीनमध्ये भटारी, माझे हे एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर. शिमग्याला आणि गणपतीला येणार, चार दिवस पाहुण्यासारखे राहणार, जाताना तांदळाची पिशवी नेणार. माझा मुलगाही शाळेसाठी बापाजवळ गेला. मागे उरलो आपण दोघी जावा, एक बैलजोडी आणि मालकाची जमीन.

मालकाची माणसं वाईट असती तर किती सोपं झालं असतं! शिव्या दिल्या असत्या, मोकळे झालो असतो. पण ती गोड बोलणारी. आजारपणात औषधाला मदत करणारी, लग्नात आहेर पाठवणारी. फक्त एकाच खाचरात कुणाला मुरू द्यायची नाहीत. शिमगा झाला की कारभारी यायचा आणि तुऱ्याची काहीतरी खोट काढून सांगायचा, यंदा तुम्ही हे करा, त्यांनी ते करावं. फिरवत राहायचं. पाळंमुळं धरली की कूळ होतं, आणि कूळ झालं की हटत नाही, एवढं त्यांना पक्कं कळलेलं. आपल्या सासऱ्यांच्या काळात कसेल त्याची जमीन असा कायदा आला होता, सरकारी माणूस वाडीत येऊन विचारून गेला होता, की बाबा, ही जमीन कोण कसतं. सासरे हात जोडून म्हणाले होते, "आमी गडी. जमीन मालकांची." त्यांच्या लग्नात मालक स्वतः मांडवात बसले होते, त्याची ही परतफेड. ही गोष्ट तू अभिमानाने सांगायचीस आणि मला ऐकताना अंगाचा तिळपापड व्हायचा. एका वाक्यात त्या माणसाने आपल्या सगळ्यांना बांधून टाकलं, मला, तुला, अजून न जन्मलेल्यांना. तू म्हणायचीस, "इमान राखलं त्यांनी." मी म्हणायचे, "कुणाचं?" मग तू भांडी जोरात आपटायचीस.

पण कोंडीचं खाचर मात्र मालकाने बरीच वर्षं तुझ्याकडेच ठेवलं होतं. का, ते तुझ्या मते तुझ्या इमानामुळे. माझ्या मते तिथल्या बांधामुळे. ओढ्याच्या कोंडीलगतचं, डोहाकाठचं ते खाचर, पावसात पाणी थेट बांधावर धडका मारणार. बांध मातीचा होता तोवर दरसाल खचायचा. तू उन्हाळ्याउन्हाळ्यात ओढ्यातले दगड डोक्यावर वाहून आणलेस, एकात एक बसवलेस, मधे चिखल भरलास आणि टाचेने दाबत गेलीस. मी आले तेव्हा निम्मा बांध झाला होता. उरलेल्या निम्म्यात माझाही घाम आहे, पण दगड कुठला कुठे बसतो ते तूच ठरवायचीस. एखादा बसेना की त्याच्याशी बोलायचीस, "बस की रे आता, किती मिनत्या करू?" मला हसू यायचं.

माझ्या पहिल्या लावणीत पायांना चिखल्या झाल्या, बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या, तेव्हा तू माझे पाय मांडीवर घेऊन त्यांना कोकमाचं तेल चोळलंस. थोरल्या जावेने धाकटीचे पाय मांडीवर घ्यायचे, हे मी ऐकलंसुद्धा नव्हतं. मी पाय ओढून घ्यायला लागले तर म्हणालीस, "गप ऱ्हा. उद्या ह्याच पायांवर उभी ऱ्हायची हायस." त्या दिवशी मला आईची आठवण आली नाही, एवढंच सांगते. हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि मग तो दसरा. परतीचा पाऊस लांबला होता, पोलादपूरच्या पुढे रस्ता खचला आणि एसटी बंद. तू टोपली घेऊन स्टँडवर दुपार कलेपर्यंत बसलीस आणि तशीच घाट चढून परत आलीस. फडकं वाळून कडक झालं होतं. दिवेलागणीला तू बराच वेळ दाराकडे बघत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "सणाचा दिवस सुना जायला नको गो," आणि आपला तुरा आपल्या दाराला लावलास. मालकाचा उद्या नेऊ, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी नेलासही. मालकीणबाईंनी घेतला, चहाही दिला. पण त्याआधी कुणीतरी खालून जाऊन सांगितलं होतं, की पार्वतीने अगोदर स्वतःच्या दाराला लावला. शिमगा झाला, कारभारी आला. "यंदा तुमी वरची पट्टी करा."

वरची पट्टी म्हणजे माळावरचे दगड. कोंडीचं खाचर खालच्या वाडीतल्या सखूच्या घराला गेलं. स्वतःच्या दाराला स्वतः पिकवलेलं भात आधी लावलं, एवढा तुझा गुन्हा. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. तूही पेटवली नाहीस. पण मी रागाने आणि तू शरमेने, हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि मग तर मला तुझाच राग आला.

मला वाटलं, झालं, आता हिची दोरी तुटली. आता ही माझं ऐकेल. आणि तू काय केलंस? पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी कुदळ घेऊन निघालीस. मला वाटलं वरच्या पट्टीत चाललीस. खाली बघते तर तू कोंडीच्या बांधावर. खेकड्यांनी पोखरून भोक पाडलं होतं, पाणी वाहून चाललं होतं, ते तू बुजवत होतीस. सखूच्या खाचराचं भोक! सखू बांधावर पान खात बसलेली आणि तू चिखलात. घरी आल्यावर मी तुला काय काय बोलले! "तुला काय वेडबीड लागलंय का? पीक तिचं, जमीन त्यांची, आणि टाच तुझी?" तू पाय धूत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बांधाला काय म्हायत कुनाचा तो?"

"बांधाला माहीत नसेल, कारभाऱ्याला माहीत आहे," मी म्हटलं.

तू हसलीस. पुढची सगळी वर्षं तू तो परका बांध राखलास. उन्हाळ्यात निसटलेले दगड बसवलेस, पावसात भोकं बुजवलीस. वाडीतल्या बाया तुला हसायच्या, आणि मी तुझ्या बाजूने त्यांच्याशी भांडायचे आणि घरी येऊन तुझ्याशी. मला खरंच कळत नव्हतं आक्का. कुणी दावं लावलं तर जनावरसुद्धा ओढून बघतं. तू दावं सुटलं तरी खुंट्यापाशी जाऊन उभी राहत होतीस.

रायगडाला रोपवे झाला, माणसांची रीघ लागली आणि माझ्या भावाने हिरकणीवाडीत झुणका-भाकरीचं खोपट टाकलं. चुलीवरच्या भाकरीवर गिऱ्हाईक तुटून पडतंय, तुम्ही दोघी या, असा त्याचा निरोप. मळणी झाल्यावर मी तुला हट्टाने चार दिवस घेऊन गेले. तुझ्या हातची नाचणीची भाकरी खाऊन पुण्या-मुंबईची माणसं वा वा करत होती, आणि माझ्या मनात आपलं नवं घरसुद्धा बांधून झालं होतं. मग तू ताटं उचलायला गेलीस आणि अर्धवट टाकलेल्या भाकऱ्या बघून तुझं डोकं फिरलं. "टाकतात गो! भाकरी टाकतात!" गिऱ्हाइकाच्या देखत. भाऊ कावराबावरा झाला. संध्याकाळी तू त्याला विचारलंस, "ही जागा कुनाची रे?"

"भाड्याची हाय ताई."

"म्हंजे हितं पन मालक हायच," असं म्हणून तू माझ्याकडे असं बघितलंस ना, सामना जिंकल्यासारखं! परतीच्या एसटीत मी तुला जीव तोडून सांगत होते, की भाडं टाकलं की मालक तोंड बघायला येत नाही, दसऱ्याला दारात बोलवत नाही, आणि नको वाटलं तर आपण उठून जाऊ शकतो. तू खिडकीतून बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "शिमगा झाला की बगू." किती शिमगे झाले. तू एकटी राहशील म्हणून मी जात नव्हते, आणि खाचर परत मिळेल म्हणून तू जात नव्हतीस. कोण कुणाला अडकवून होतं, मला आजही सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट तू अशी केलीस, की तिच्यापुढे माझी सगळी बडबड फिकी पडते. कुंदाला, तुझ्या एकुलत्या एक मुलीला, तू कधी चिखलात पाय घालू दिला नाहीस. आपल्या भागातली पोर आणि लावणी येत नाही, म्हणून लोकांनी नावं ठेवली. भाऊजी चिडले. लावणीच्या दिवसांत माणसं मिळत नसायची, आपल्या दोघींच्या कमरा मोडायच्या, आणि कुंदा पोलादपूरला शिवणाच्या क्लासला. एकदा तिने हौसेने टोपली उचलली, आई, यंदा महाडला मी जाते म्हणाली, तर तू टोपली हिसकावून घेतलीस. पोर रडली. मी म्हटलं, अगं नेऊ दे की, तुझेच पाय वाचतील. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "एकदा तिनं दार बगितलं, की दार तिला बगंल." मला तेव्हा वाटलं, ही बाई काहीतरीच बोलते. आज महाडला कुंदाची स्वतःची मशीन आहे, नवरा एसटीत आहे, आणि मालकाच्या घराची गल्ली तिला माहीत नाही. तू त्याच गावात दरसाल टोपली घेऊन जायचीस आणि पोरीच्या घरी न जाता परत यायचीस. टोपली घेऊन तिच्या दारात नको, म्हणायचीस.

म्हणजे तुला सगळं कळत होतं. मग माझ्याशी का भांडत होतीस?

सखूचं घर मुलाच्या मागोमाग पनवेलकडे गेलं आणि दोन शिमग्यांमागे कोंडीचं खाचर परत तुझ्याकडे आलं. 'पार्वतीचा जीव आहे त्याच्यात,' असं मालक म्हणाल्याचं कारभाऱ्याने सांगितलं आणि तुझे डोळे भरून आले. माझे नाही आले. फुकटात बांध राखणारं माणूस मिळतं कुठे? पण तू खाचरात उतरलीस, गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहिलीस आणि बराच वेळ तशीच राहिलीस, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. मग तुला सखूने कसातरी बुजवलेला एक कोपरा दिसला आणि तू तिच्या सात पिढ्या काढल्यास. तुला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

या भादव्यात ताप आला तो तू अंगावर काढलास. भात फुलोऱ्यात होतं, पाणी सोडून कुठे जाणार, म्हणत राहिलीस. पोलादपूरच्या दवाखान्यातून महाडला हलवलं तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. नवरात्र बसलेलं होतं. मी उशाशी होते. मला वाटलं, कुंदाबद्दल काही सांगशील, भाऊजींबद्दल, निदान माझ्याबद्दल. तू म्हणालीस, "कोंडीच्या कोपऱ्यात भोक पडलंय. बग." एवढंच. मी हो म्हटलं. नवं कुणी न्यायचं, खाचर ठेवायचं की सोडायचं, यातलं काही तू सांगितलं नाहीस. भोक बघ म्हणालीस आणि गेलीस.

मग कारभारी आला, ते सांगितलंच.

तो गेल्यावर ओटीवर बैठक बसली. भाऊजी भिंतीला टेकून होते. ते खूप खचलेत, आक्का, पण कॅन्टीनची रजा संपत आलीय. ते म्हणाले, "लगीन झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. कुंदाचं फिटलं. तिला धाडू. खाचर ऱ्हाईल." माझे हे म्हणाले, "दादा म्हणेल तसं." मी विचारलं, "राहील, पण लावायचं कुणी?" भाऊजी म्हणाले, "तू हायस की." आणि पुढच्या साली दारात कोण जाणार? "कुंदाच. एकदा तिचा हात लागला की तिलाच जाया लागंल." किती सरळ होतं त्यांना! एक बाई गेली, तर दोघींना तिच्या जागेवर बांधायचं.

आज दसरा. पहाटे मी उठले तर कुंदा घरात नव्हती. उजाडल्यावर आली ती कोंडीकडून, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, पदरात लोंब्या. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्यासारखं. म्हणाली, "काकी, फडकं ओलं करून दे. मी जाते महाडला. आईचं खाचर आहे ते."

मी पदरातल्या लोंब्या बघितल्या. तिने देठ ठेवलेच नव्हते. अगदी गळ्याशी कापलेल्या, तुऱ्यात बांधायला धरणार कुठे? आणि बोटाला विळा लागलेला, रक्त येत होतं. आक्का, तुझी मुलगी, आणि तिला लोंबी कशी कापतात हे माहीत नाही! एवढी वर्षं तू एकटीने जे पोसलंस ते हे होतं, हे न येणं. कोंडीचा बांध तू दगडांनी बांधलास, पण खरा बांध तू हा घातला होतास, आणि आपण सगळे मिळून तो फोडायला निघालो होतो.

"आईचं नाही ते," मी म्हटलं. "मालकाचं आहे. तू तुझ्या घरी जा."

कुंदा रडायला लागली. भाऊजी ओटीवरून ओरडले, "तुला पहिल्यापासनं सोडायचंच व्हतं सगळं!" खरं होतं ते. कुंदाच्या बोटाला चिंधी बांधली. टोपली माळ्यावर टाकली. आणि त्या बिनदेठाच्या लोंब्या, जिथे तुझा दिवा तेवतोय ना, तिथे त्याच्यापाशी ठेवल्या. सुतकात चालतं की नाही, मला माहीत नाही. जन्मभर तू पहिला तुरा दुसऱ्याच्या दारात नेलास. या साली पहिल्या लोंब्या तुझ्या. त्या बघून भाऊजी तोंडावर हात घेऊन बसले.

कुंदाला मी सकाळच्याच एसटीला बसवून दिलं. दहाव्याला येईल. परत येताना वाटलं, सुटले. खाचर गेलं, मालक गेला, महाडची वाट गेली. माझा भाऊ तुला पोचवायला आला होता तेव्हाच म्हणून गेलाय, बाय, आता तरी ये. यंदाचं भात झोडून निम्मं द्यायचं, बैल विकायचे आणि हिरकणीवाडीला जायचं. मला अडवायला आता कुणी नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते आज माझ्या हातात होतं.

आणि मी कुठे गेले, सांगू? घरी येऊन तुझी कुदळ घेतली आणि कोंडीवर गेले. तुला हो म्हटलं होतं ना. कोपऱ्यात खरंच भोक होतं, मनगट जाईल एवढं. पाणी निघून जात होतं आणि गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भाताची तळी उघडी पडत चालली होती. मी भोकात आधी गवत कोंबलं, मग चिकणमाती, मग तू करायचीस तशी टाचेने दाबत गेले. कोपऱ्यातला तुझा एक दगड निसटला होता, तो परत बसवायला लागले. बसेना. "बस की रे," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना. तू गेल्यापासून मी रडले नव्हते. सगळ्यांना वाटत होतं, ही कोरडी आहे.

तेवढ्यात खालच्या वाडीतला एक जण विळा आणि टोपली घेऊन खाचरात उतरला. दसऱ्याचे धुतलेले कपडे, टोपलीत ओलं फडकं. मला बघून संकोचला. चांगल्या भरलेल्या लोंब्या त्याने देठासकट कापून घेतल्या, मी बघत राहिले. जाताना बिचारा थांबला आणि म्हणाला, "वैनी, तुमी कशाला चिखलात? पुढल्या साली आमीच करनार, आमी बगू बांधाचं."

मी वर न बघता म्हटलं, "बांधाला काय म्हायत कुनाचा तो?"

तो महाडच्या वाटेला लागला. मी तिथेच उभी होते, घोट्यापर्यंत रुतलेली, एक टाच तुझ्या दगडावर. आक्का, टाच काढली असती तर दगड परत निसटला असता.